जावईबापूंनी तपासलेली गाडी

निशिकांत बँकेत काय करायचा, तर लोकांचे पासपोर्ट, दाखले आणि सह्या तपासायचा. अठरा वर्षांत एकही खोटा कागद त्याच्या टेबलावरून पुढे सरकला नव्हता, आणि हे त्याचं निदान अठराशे वेळा सांगून झालं होतं. बायको क्षिप्रा सुरुवातीला कौतुकाने ऐकायची. हल्ली तो विषय निघाला की ती भांडी आवरायला उठायची. कौतुक शिल्लक होतं ते फक्त तिच्या वडिलांकडे.

पद्माकर दाते, वय बहात्तर. सिंगापूरला सेम्बावांगच्या गोदीत पस्तीस वर्षं जहाजांचे पत्रे जोडण्यात गेली. तिथे त्यांचा एक ऑस्ट्रेलियन साहेब होता. क्षिप्रा जन्मली त्या दुपारी त्याने यांना आपल्या गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात पोचवलं. रुंद छातीची, लांब नाकाची गाडी, आणि इंजिनाचा आवाज असा की पोटात घुमावा. तेव्हापासून तसली गाडी यांच्या मनात बसली ती बसलीच. बायको गेल्यावर माणूस दोन वर्षं तोंडातून शब्द काढेना. मग एक दिवस कुठेतरी तशीच एकाहत्तर सालची गाडी विकायला निघाल्याचं कळलं आणि दाते बोलायला लागले. इतके बोलायला लागले की क्षिप्रा फोन ठेवल्यावर रडली. "घेऊ दे त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागतायत."

गाडी बघायला तिघे गेले: दाते, त्यांचा मुलगा अश्विन आणि आपले जावईबापू. वर्कशॉपमध्ये गाडी विकणारा मालक आणि त्याचा मेकॅनिक हजर. निशिकांतने घरून यादी करून आणली होती. बॉनेट उघडलं, इंजिनामागच्या पत्र्यावरची ओळखपट्टी शोधली आणि तिच्यावरचं एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचत कागदांशी ताडून पाहिला. ऑस्ट्रेलियातला दाखला, जहाजाचे कागद, विक्रीचा करार, सगळीकडे तोच नंबर. अहो, जुळणारच! पट्टी आधी ठोकली आणि कागद तिच्यावरून केले, मग न जुळून जातील कुठे? पण जन्मभर कागदाशी कागद जुळवलेल्या माणसाला, पट्टी तरी या गाडीची आहे का, हे विचारायचं सुचलंच नाही.

दाते वाकले. पट्टीच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ती ठोकलेल्या एका खिळ्यावर थांबवला. "निशिकांतराव, हे रिव्हेट जरा..."

"बाबा," निशिकांत सगळ्यांकडे बघत हसला, "रिव्हेटचं राहू द्या हो. नंबर मी बघितलाय. शंभर टक्के खरी आहे गाडी. माझा शब्द."

मालकाने लगेच तोंड भरून म्हटलं, "अंकल, युअर सन-इन-लॉ व्हेरी शार्प, लाह!" अश्विनने टाळी दिली. दात्यांनी अंगठा उचलला, रुमालाला पुसला आणि म्हणाले, "तुम्ही बघितलंय म्हणजे बरोबरच असणार." गोदीतल्या कमाईतून साठवलेलं सगळं त्या गाडीत गेलं.

पुढचे दोन महिने म्हातारा हवेत होता. क्लासिक गाडी म्हणून नोंदणी व्हायची होती, तोवर रस्त्यावर न्यायची सोय नव्हती. हे रोज बस बदलून, गाडी ठेवली होती तिथे जायचे, पुसायचे आणि परत येऊन लेकीला फोनवर तासभर वृत्तांत द्यायचे.

नोंदणीआधीच्या तपासणीला एक तरुण बाई होती. तिने कागद हातातही घेतले नाहीत. छोटा दिवा आणि आरसा घेऊन ती सरळ बॉनेटखाली शिरली. पट्टीभोवतीचा रंग खरवडला, मग खाली जाऊन गाडीच्या लोखंडी चौकटीवर घासकाम करत बसली. तिथे, रंगाच्या तीन थरांखाली, पत्र्यातच ठोकलेला दुसरा नंबर निघाला. सात वर्षांपूर्वी अ‍ॅडलेडमध्ये चोरीला गेलेल्या गाडीचा. "सॉरी, अंकल," ती म्हणाली. गाडी तिथेच राहिली.

निशिकांत वर्कशॉपवर धावला, तर तिथे गोठवलेल्या माशांचं दुकान. पोलीस, वकील, पुन्हा पोलीस. जिथे तिथे लोक नम्रपणे बसायला सांगत, ऐकून घेत आणि नम्रपणेच काही होणार नाही म्हणत. गाडी मूळ मालकिणीकडे परत जाणार, बस्स. त्याच्यावर ओरडायला कोणी सापडत नव्हतं. सासरे तरी ओरडतील, या आशेवर तो रविवारी क्षिप्राला घेऊन सेम्बावांगला गेला.

दात्यांनी श्रीखंड आणून ठेवलं होतं. जावयाचं पान पहिलं वाढलं.

"बाबा," निशिकांतने हातातला घास पानात परत ठेवला, "त्या दिवशी तुम्ही रिव्हेट म्हणाला होतात. काय होतं ते?"

"नवं होतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तसलं. कारखान्यातलं रिव्हेट हाताला वेगळं लागतं. आणि पट्टीखाली जुनी भोकं बुजवलेली."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"हात लावल्या लावल्या कळलं."

क्षिप्रा वाढता वाढता थांबली. निशिकांतचा आवाज फुटला. "मग बोलला का नाहीत? अडवायचं मला! मूर्ख म्हणायचं!"

"चार माणसांत?" दात्यांना खरोखरच प्रश्न पडल्यासारखं दिसलं. "जावयाला खोटं पाडायचं? असं कसं चालेल?" आणि त्यांनी वाटी पुढे केली. "श्रीखंड घ्या ना अजून."

"बाबा, पाया पडतो, शिव्या द्या मला."

"काहीतरीच काय बोलता, निशिकांतराव!" ते गडबडून उठले. लेकीने गाडीविषयी विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्यांनी धड उत्तर दिलं नाही. हं, बरं, असू दे, एवढंच. बायको गेल्यानंतरच्या दोन वर्षांतला तो मुका माणूस परत आला होता.

जेवण झाल्यावर दात्यांनी कपाटातून एक कागद आणला आणि चष्मा न लावताच जावयापुढे ठेवला. गाडीवरचा हक्क सोडल्याचा फॉर्म. सगळं भरलेलं होतं, सही तेवढी राहिली होती.

"एकदा नजर टाकता का? तुम्ही बघितलंत की मला काळजी नाही."

निशिकांतने कागद घेतला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला, परत वाचला. कुठेतरी एखादी चूक सापडावी म्हणून जीव टाकून वाचला. एकही नव्हती.

"बरोबर आहे, बाबा," तो म्हणाला, आणि दात्यांनी सही केली.