ताडपत्रीमागची नोटीस

फूटपट्टीने सूड घ्यायचा ठरवला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि घेतला तेव्हा सत्तेचाळीस. मधल्या अठ्ठावीस वर्षांत तिने काय केलं, तर नोकरी केली. वारसा कार्यालयात सगळ्यात खालच्या टेबलाला चिकटली आणि एकेक टेबल सरकत नोंदणी अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोचली. गावातल्या जुन्या इमारती मोजायच्या, त्यांची कार्डं भरायची, यादीत कुठली घ्यायची ते ठरवून नोटीस लावायची, हे तिचं काम. खिडकीची चौकटसुद्धा ती नजरेने न मापता टेपनेच मापायची, म्हणून ऑफिसात तिला फूटपट्टी म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तिचे वडील पाट्या रंगवायचे. अर्ध्या गावाच्या दुकानांवर त्यांचं अक्षर होतं. त्यांच्या स्वतःच्या दुकानाच्या दर्शनी भागाला अकरा फळ्या होत्या आणि प्रत्येक फळीवर वेगळ्या वळणाचं अक्षर: डॉक्टरांसाठी सडपातळ, वकिलांसाठी ताठ, खाऊच्या दुकानासाठी गुबगुबीत. गिऱ्हाईक यायचं, फळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, असं पाहिजे. शेवटी उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढं ब्रशचं चित्र काढून, वडील आपली खूण करायचे. टोपी घातलेली मुंगी म्हणा ना, दिसायला तशीच.

गावाची पहिली वारसा यादी करायचं ठरलं तेव्हा वडिलांना कोण आनंद झाला. सरकारी माणसं बघायला येणार, तर फळ्या नव्यासारख्या दिसायला नकोत का? त्यांनी अकराच्या अकरा फळ्या पुन्हा रंगवायला घेतल्या. आणि ओला रंग धुळीत उघडा ठेवायचा नाही, हे तर त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून त्यांनी दुकानावर ताडपत्री टाकली. पाहणीवाले आले, समोरच्या फुटपाथवरून फोटो काढला आणि कार्डावर लिहून गेले: दर्शनी भाग दिसत नाही, विशेष नोंद नाही.

रंग सुकला. वडिलांनी ताडपत्री काढली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि मुलीला बरोबर घेऊन समितीच्या अध्यक्षांकडे गेले, आता या बघायला असं सांगायला. मुलीच्या हातात फळ्यांच्या फोटोंची गुंडाळी होती. अध्यक्षांनी ती उघडूनही पाहिली नाही. हरकतीची तीस दिवसांची मुदत कालच संपली, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी एका दिवसाचा काय तो प्रश्न असं म्हणून पाहिलं. तेव्हा अध्यक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून म्हणाले, "आज तुमच्यासाठी यादी उघडली, तर उद्या सगळ्या गावासाठी उघडावी लागेल."

यादीत नाही म्हणून वर्षभरात दुकान पाडलं. तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. वडिलांनी पुन्हा ब्रश हातात धरला नाही. जन्मभर त्यांच्या नखांत रंग असायचा. दोन वर्षांनी गेले तेव्हा नखं कशी स्वच्छ होती. ती स्वच्छ नखं तिने पाहिली आणि डूख धरला.

आता अध्यक्ष निवृत्त झाले होते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं ते अजूनही प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसत आणि लोक त्यांना अध्यक्षसाहेबच म्हणत. त्यांचं घर चौकातल्या कोपऱ्यावर होतं. दुमजली, चांगलं भक्कम, मुख्य रस्त्याकडे कोरीव लाकडी गॅलरी, आणि घराचा दरवाजा मात्र बाजूच्या गल्लीत. फूटपट्टीने ते रस्त्यावरून शंभरदा पाहिलं होतं. नव्या पाहणीत त्या भागाचा नंबर पुढच्या महिन्यात लागणार होता.

आणि एका शुक्रवारी तिच्या टेबलावर एक अर्ज आला. कोपऱ्यावरच्या घराला सोमवारपासून परांची आणि ताडपत्री लावायची परवानगी हवी, कारण दुरुस्तीपूर्व तपासणी. मुदत दोन महिने. तिने अर्ज दोनदा वाचला आणि तिला हसू आलं. असली तपासणी कधी कुणी दोन महिने केली होती? पाहणी होईपर्यंत घर झाकायचं, कार्डावर "दिसत नाही" असं लिहून घ्यायचं आणि मग बिल्डरला मोकळं करून द्यायचं. ज्या ताडपत्रीने तिच्या बापाला बुडवलं, तिच्याच आडोशाला हा माणूस लपायला निघाला होता.

तिने अर्जावर सही केली. अगदी सुवाच्य.

मग पुढच्या महिन्याची वाट न पाहता शनिवारी सकाळीच टेप घेऊन ती चौकात गेली. गॅलरी मोजली, कोरीव आधार मोजले, रंगीत काचा मोजल्या, फोटो काढले. कार्डात एक अक्षर खोटं लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, घर पहिल्या श्रेणीचंच होतं. दुपारी तिने नोटीस टाइप केली. जुन्या नियमाप्रमाणे नोटीस मालकाला टपालाने जायची. तो नियम अध्यक्षांनीच आपल्या कारकिर्दीत बदलला होता, लोक पाकीट घेत नाहीत म्हणून. आता नोटीस दोनच जागी लागायची: ऑफिसच्या फळ्यावर, जो कुणी वाचत नाही, आणि इमारतीच्या मुख्य रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवर. संध्याकाळी तिने खळीचा डबा घेतला, गॅलरीखालच्या भिंतीवर नोटीस चिकटवली, चारी कोपरे तळहाताने दाबले आणि तारखेसकट फोटो काढला. रविवारी साहेब गल्लीतूनच गेले, गल्लीतूनच आले. सोमवारी मजूर गच्चीवरून ताडपत्री सोडून गेले. ताडपत्री बांधणारे दोर बघतात, कागद वाचत नाहीत.

पुढचे तीस दिवस फूटपट्टीने मोजून काढले. रोज ऑफिसला जाताना ती चौकातून वळसा घेई. निळी ताडपत्री जागच्या जागी पाहिली की तिला भूक लागे. आईला वाटलं, मुलीची तब्येत सुधारतेय.

तेहेतिसाव्या दिवशी अध्यक्षसाहेब आले. बिल्डर पाडकामाची परवानगी मागायला गेला होता आणि त्याला सांगण्यात आलं होतं की घर यादीत आहे, खिळासुद्धा हलवता येणार नाही. साहेबांच्या हातात हरकतीचा अर्ज होता. ते उभ्या उभ्याच बोलायला लागले. तिने खुर्ची पुढे केली. शत्रू बसलेला असला की बरा दिसतो.

"तुला माहीत होतं ताडपत्री लागणार आहे," ते म्हणाले.

"हो साहेब. परवानगीवर माझीच सही आहे."

"आणि तरी तू ताडपत्रीच्या आत नोटीस लावलीस?"

"आत नाही, भिंतीवर. मी लावली तेव्हा ताडपत्री नव्हती. ती तुम्ही लावलीत." तिने फोटो पुढे सरकवला.

त्यांनी फोटो पाहिला, तारीख पाहिली. नियम त्यांनीच केलेला, त्यामुळे त्याला कुठे भोक नाही हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांचा आवाज खाली आला. घरात बायको आहे, तिचे गुडघे गेलेत, सहा वर्षांत ती जिना उतरलेली नाही, असं ते सांगू लागले. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. तीनच तर दिवस उलटलेत. आवक वहीत मागची तारीख टाकली तर कोण बघणार आहे?

गॅलरीत खुर्चीवर बसलेली काकू फूटपट्टीने अनेकदा पाहिली होती. क्षणभर तिचा हात वहीकडे गेलासुद्धा. पण अठ्ठावीस वर्षं घोटलेलं वाक्य ओठांवर येऊन बसलं होतं, ते काही मागे जाईना.

"आज तुमच्यासाठी यादी उघडली, तर उद्या सगळ्या गावासाठी उघडावी लागेल," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, ते चपापतील. त्यांनी फक्त मान हलवली, कुठल्याही कारकुनाचं कुठलंही वाक्य ऐकावं तशी. तिला ते सहन झालं नाही.

"मी पाटीवाल्यांची मुलगी, साहेब. तुम्ही हेच वाक्य माझ्या वडिलांना ऐकवलं होतंत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मनापासून आठवायचा प्रयत्न केला.

"कोण पाटीवाला?" त्यांनी विचारलं.

तिने अर्जावर "मुदतीनंतर" हा शिक्का इतक्या जोरात मारला की शेजारच्या टेबलावरचा पेन खाली पडला. पण साहेब गेल्यावर तिला हवी होती तशी शांतता काही वाटेना. ज्याला आठवतच नाही, त्याच्यावर उगवलेला सूड म्हणजे बहिऱ्याला दिलेली शिवी. तिच्या बापाचं दुकान पाडून हा माणूस ते विसरूनही गेला होता.

वारसा दिवस पंधरवड्यावर आला होता. त्या दिवशी यादीतली घरं सगळ्यांसाठी उघडी ठेवायची आणि मालकाने दारात उभं राहून लोकांचं स्वागत करायचं, हाही नियम साहेबांच्याच काळातला, भाषणांच्या भरात केलेला. तो दिवस उजाडला तेव्हा ताडपत्री उतरली होती. फूटपट्टी चाळीसएक माणसांची फेरी घेऊन कोपऱ्यावर पोचली, तेव्हा साहेब गल्लीतल्या दारात कोट घालून उभे होते आणि आंबट तोंडाने या, या म्हणत होते. तिने लोकांना गॅलरी दाखवली, आधार दाखवले. मग मंडळी खालच्या खोल्या बघायला पांगली आणि ती जिना चढून वर गेली. पायऱ्या बावीस होत्या. तिने न ठरवता मोजल्या, आणि प्रत्येक पायरीला तिला त्या गुडघ्यांची आठवण झाली.

काकू गॅलरीतच होती, मांडीवर शाल घेऊन. फूटपट्टीने काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं: नियमाप्रमाणे केलं, तुमच्याविषयी मनात काही नव्हतं वगैरे. काकूने तिला बोलूच दिलं नाही.

"ये गं. खळीचा डबा आणला नाहीस का आज?"

फूटपट्टीने कठड्यावरून वाकून खालच्या भिंतीकडे पाहिलं.

"मी बघत होते," काकू म्हणाली. "इथेच बसले होते, तुझ्या डोक्यावर. तू कोपरे दाबलेस, फोटो काढलास. मग सोमवारी ताडपत्री आली आणि महिनाभर मी निळ्या उजेडात बसले. रोज संध्याकाळी हे घरी यायचे, नव्या इमारतीचं सांगायचे, आणि मी हं हं करायचे. तीस दिवस. एवढी गप्प मी लग्नातही नव्हते."

"पण काकू, तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे ह्यांना बिल्डर भेटल्यावर आठवले. सहा वर्षं सांगतेय, मागच्या अंगणातून लिफ्ट बसवा. तर म्हणायचे, घराचं रूप बिघडेल. हे घर माझ्या आईचं. आई गेल्यावर बाबांनी जावयाच्या नावावर केलं, विश्वासाने. आणि ह्यांनी ते विकायला काढलं, तेही मला बिल्डरच्या माणसाकडून कळलं." बोलता बोलता तिचा आवाज चढला होता, तिने तो खाली घेतला. "तू पाटीवाल्यांची मुलगी, हे ह्यांनीच चिडून सांगितलं तेव्हा मला कळलं. तुझा राग तुझा, माझा माझा. पण खळ लावणारा हात एकच होता म्हणून बरं झालं. मला खाली उतरता येत नाही ना."

फूटपट्टी खुर्चीच्या कडेला टेकली. तिचा सूड तिला वाटला होता तेवढा एकटीचा नव्हता, आणि त्याचं तिला वाईट वाटलं की बरं, हे तिला नीट कळेना. मागच्या बाजूची लिफ्ट नियमात बसते, सही माझीच लागते, एवढं तिने सांगितलं.

"ते करच. आणि ते कपाट उघड. खालचा कप्पा."

कप्प्यात जुन्या चादरीत गुंडाळलेली एक फळी होती. फूटपट्टीने चादर सोडली. काकूच्या आईचं नाव, गडद हिरव्यावर पिवळ्या अक्षरात. उतरता ऊकार, जरा झुकलेली वेलांटी. तिला कोपरा बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितला. टोपी घातलेली मुंगी तिथे होती.

"गल्लीतल्या दारावर असायची," काकू म्हणाली. "ह्यांनी काढून स्वतःच्या नावाची पितळी लावली. तुझ्या बापाने दोन दिवस शिडीवर उभं राहून आईचं नाव रंगवलं होतं, आई खालून सारखी चुका काढत होती. मी ती टाकू दिली नाही."

फूटपट्टी रडली. जोरात नाही, पण रडली, आणि काकूने तिला रडू दिलं. मग तिने डोळे पुसले, टेप काढला आणि फळी मापली: तीन फूट दोन इंच. पर्समधून कार्ड काढलं आणि शेवटच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: मूळ नामफलक उपलब्ध, मूळ जागी पुन्हा लावणे मालकावर बंधनकारक. खाली सही केली.

"स्क्रू ड्रायव्हर आहे का घरात?" तिने विचारलं.

"ह्यांच्या टेबलाच्या खणात," काकू म्हणाली.

फळी बगलेत मारून ती बावीस पायऱ्या उतरली. दारात गर्दी होती. कुणीतरी साहेबांना विचारत होतं की हे घर मूळ कोणाचं, आणि साहेब आपल्या घराण्याबद्दल काहीतरी सांगत होते. तिने सगळ्यांदेखत पितळी पाटीचे चार स्क्रू काढले, पाटी साहेबांच्या हातात दिली आणि कार्डावरची ओळ वाचून दाखवली. साहेबांनी वर पाहून बायकोला दोनदा हाक मारली. वरून कुणी ओ दिली नाही.

"फळी एकटीला पेलत नाही साहेब, हे टोक धरा," फूटपट्टी म्हणाली.

चाळीस माणसं बघत होती. साहेबांनी पितळी पाटी पायाशी ठेवली आणि फळीचं उजवं टोक धरलं. त्यांच्या अंगठ्याशेजारीच ती मुंगी होती.

"कोण पाटीवाला म्हणून विचारलं होतंत ना," ती म्हणाली. "हा. जरा वर घ्या."

त्यांनी फळी वर घेतली, आणि तिचे चारही स्क्रू बसेपर्यंत तशीच धरून ठेवली.