खिळा

माझी बायको जमुना गेली त्याला तीन महिने झाले होते. त्या साली अमेरिकेत लढाई चालू होती, म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा होता. मी पहिल्यांदाच रुई थेट मुंबईला पाठवायचं ठरवलं. दर्यापूरकडून सहा डोकडे, म्हणजे पायानं तुडवून भरलेली रुईची मोठी पोती, गाडीत घालून मी अकोल्याला आणले. सोबत शेजारचा खुशालराव होता.

वखारीत वामनराव नावाचे अमरावतीचे कारकून बसले होते. मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी विचारत सुटलो.

"विलायतेला पोचाले किती दिवस लागतात जी?"

"आधी आगगाडीपर्यंत बैलगाडी. मंग मुंबई. तिथं वाफेच्या यंत्रात दाबून रुईच्या गाठी बांधतात. पुढं जहाजात चार महिने."

"अन् जहाज बुडालं तं?"

"विमा उतरवला तं पैसे भेटतात. नसन उतरवला तं समुद्राले मागा."

खुशालराव हसला. "याले समुद्राचं काय सांगता? येतानी पूर्णेत गुडघाभर पाणी होतं, तं हा बैलाची शेपटी धरून उभा होता."

"माल माया हाय हे विलायतेत कसं समजन?" मी विचारलं.

"डोकड्यावर तुमची खूण घालतो. तीच खूण गाठीवर. काही वंगाळ निघालं तं त्याच खुणेवरून तुमच्यापर्यंत येतात."

"वंगाळ म्हंजे?"

"ओली रुई. दगड. सगळ्यात वाईट म्हंजे लोखंड. दाबात लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडते. ते तवाच पेटत नाही. गाठीत आतल्या आत आठ-आठ दिवस धुमसते. मंग भर समुद्रात जहाज पेटते. तिथं माणसं पळतीन कुठं?"

मी बाहेर डोकड्यांकडे पाहिलं. त्यांत खिळा मी स्वतः घातला होता.

रुईला दृष्ट लागू नये म्हणून जमुना दरवर्षी काळ्या चिंधीत एक बिब्बा आणि एक लोखंडी खिळा बांधून रुईत खुपसायची. यंदा पुडी घालायच्या वेळी जमुना नव्हती. बायकांचं काम करताना कोणी पाहू नये म्हणून मी घाईघाईनं, मान वळवून, पुडी रुईत खोल खुपसली होती. मग तीच रुई डोकड्यांत भरली.

बाहेर माझे डोकडे चढवून मुंबईच्या मालाच्या गाड्या जुंपत होते. गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. पण मला ती जहाजावरची माणसं दिसायला लागली. पाण्याच्या मधोमध उभी, पायाखाली धूर. खूण माझी.

"वामनराव," मी म्हटलं, "माया डोकड्यात खिळा हाय."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "वजन वाढवाले?"

"नाही जी, शप्पत. दृष्टीसाठी."

"कोणत्या डोकड्यात?"

"ते मले ठाऊक नाही."

"अरे काय येडा माणूस!" खुशालराव ओरडला. "गाड्या निघून राहिल्या अन् तुले आता सांगाचं सुचलं?"

वामनरावांनी सहाही डोकडे गाड्यांवरून उतरवले. अंगणात टाके उसवले. रुई निवडणाऱ्या बायकांतली माणिकबाई मदतीला आली. ती म्हणाली, "चिंधी तं रुईच्या गंजीत ठेवतात दाजी. भराच्या आधी काढून घेतात न! बायकोनं सांगतलं नाही?"

मी तीस वर्षं संसार केला. जमुना ते काढून घेते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. विचारलंही नव्हतं.

हात घालून चाचपलं, तर चौथ्या डोकड्यात चिंधी सापडली. बिब्बा होता. गाठ सुटलेली होती, खिळा नव्हता.

मग मी आणि माणिकबाईनं त्या डोकड्यातली रुई चिमूट चिमूट करून तपासली. गाड्या निघून गेल्या. खुशालरावही त्यांच्या मागोमाग गेला. माझ्या बोटांना रुई कळेनाशी झाली. कडक सरकी लागली की मी ती उजेडात धरून पाहायचो. ऊन उतरल्यावर माणिकबाईनं काहीतरी उचलून तळहातावर ठेवलं. गंजलेला, बोटाएवढा खिळा. वामनरावांनी तो घेतला आणि ते म्हणाले, "आता आठ दिवस गाडी नाही."

मी मान हलवली.

"बाई," मी विचारलं, "रुईत आणखी काय काय घालतात बायका? सारं सांग मले. हळद, तांदूळ, सुई, काय असन ते."

ती रिकामा डोकडा झटकत होती. "घराघराचं येगळं असते दाजी. तुमच्या घरचं मले काय ठाऊक?"

बाकीचे पाच डोकडे समोर उघडे पडले होते. वामनराव म्हणाले की खिळा सापडला, आता ते भरून टाका. मी नाही म्हटलं; जमुनानं जाण्याआधी त्या रुईत आणखी काय घातलं असेल, ते मला ठाऊक नव्हतं. पहिला डोकडा ओढून जमिनीवर पालथा केला आणि त्यातली रुईसुद्धा चिमूट चिमूट करून पाहायला बसलो.