अंगाईचा भाव
दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होता. पलीकडून कुणीतरी आवाज खाली आणून म्हणालं, "तुमच्या मिसेस गेल्या."

तो म्हणाला, "कुठे?"

सकाळीच तो तिला बघून आला होता. कुशीवर वळायला नर्स लागायची तिला, ती जाणार कुठे? फोनवरचा माणूस गप्प झाला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पुढे कितीतरी दिवस त्या एका "कुठे?"पायी त्याला स्वतःचीच चीड येत राहिली.

खिळे, कड्या, कुलपं, बिजागऱ्या असं त्याचं दुकान. दोनेक महिन्यांनी लेक दुकानात आली. पोट पुढे आलेलं, धापा टाकत स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "बाबा, आईची अंगाई शिकून घ्या."

"मी? तुझं बाळ, तू शिक की."

"मी गायले तर बाळ आल्या पावली परत जाईल."

यात खोटं काही नव्हतं. पोरीचा गळा बापाहून वाईट. अंगाई बायकोने स्वतः रचलेली. ती रेकॉर्ड करू द्यायची नाही. "समोर पोर असलं तर म्हणेन," म्हणायची, "भिंतीला झोपवून काय करू?" आता ती चाल पुरती येत होती फक्त गाण्याच्या बाईंना, कारण बायको त्यांच्याकडे शिकायला जायची. बाईंनी लेकीला एकदा समोर बसवून पाहिलं आणि हात जोडले. म्हणजे उरला कोण? बाप.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "सूर ठीक. ताल ठीक. भाव कुठाय?"

दिवसभर दुकानात हाच शब्द ऐकून आलेला माणूस. त्याच्या तोंडून निघून गेलं, "कशाचा?"

बाईंनी पेटीचा भाता मिटला. "खिळ्यांचा नव्हे."

तेव्हापासून दर वेळी तेच. भाव नाही. भाव कुठाय. शब्द म्हणताय की सामान मोजताय? एकदा त्याने मुद्दाम आवाजाला कंप दिला.

"हे काय? थंडी वाजतेय?"

"बायकोची आठवण काढली."

"आठवण काढायला ती काय माळ्यावर टाकलीय? सरळ म्हणा."

बायको गेली की गळ्यात आपोआप दर्द उतरतो, असा लोकांचा समज. शेजारीपाजारीही म्हणायचे, आता तुमच्या गाण्यात काय जीव येईल! त्याला आला तो नुसता खोकला. आणि वैताग. दुकान लवकर बंद करायचं, बाईंच्या जिन्याखालच्या खोलीत मांडी घालून पाय आखडून घ्यायचे, आणि वर बोलणी खायची.

"दिवा निजला, कडी निजली, तूच तेवढी जागी ग," तो पुन्हा म्हणाला.

"पुन्हा."

म्हणाला.

"पुन्हा. कोरडं आहे."

"बास झालं, बाई!" तो ओरडला. "ही बया निघून गेली आणि हे लचांड माझ्या गळ्यात बांधून गेली. साधी कोथिंबीर आणायची तर चारदा बजावायची, जुडी बघून घ्या, पिवळी नको. मग हे शिकवून ठेवायला काय धाड भरली होती हिला? एवढी कसली घाई होती?"

बाईंची बोटं पेटीवरून हलली नाहीत. "आता म्हणा. लगेच."

तो दात-ओठ खातच म्हणाला.

"मिळाला भाव," बाई म्हणाल्या.

"हा राग आहे, बाई! अंगाई काय रागाने म्हणतात?"

"तुमच्या दुकानात सध्या हाच माल आहे ना? मग हाच काढा. नसलेला दाखवू नका."

त्याला काही ते पटलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी लेक घरी येऊन हटूनच बसली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तो एकदाचा गायला, आणि 'तूच तेवढी'वर आवाज चढलाच. आता पोरगी हसणार, असं त्याला वाटलं.

पोरगी हसली. पण डोळे पुसत हसली. "बाबा, आई अस्संच म्हणायची! मी झोपायचे नाही, ती दमलेली असायची, आणि 'तूच तेवढी' आलं की असा हिसका द्यायची. तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे काय कळतंय? मी वैतागलोय."

"तीही वैतागलेलीच असायची हो. म्हणा पुढचं. पुढच्या कडव्यात मी डोळे मिटायचे, मग तिचा आवाज खाली यायचा."

त्याने आवाज खाली आणला. "तू निजलीस, घर निजलं..." इथवर आला. "मीच..." म्हणाला आणि अडला.

लेक म्हणाली, "'मीच तेवढी जागी'चं 'मीच तेवढा जागा' करा हवं तर. चालेल."

"ते कळतंय मला!" तो खेकसला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्यांदा तर 'मीच'सुद्धा फुटेना. लेकीने गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

पुढच्या वेळी त्याने बाईंना विचारलं, एकाच कडव्यावर भागवता येणार नाही का? बाई म्हणाल्या, "अर्ध्यात सोडलं तर पोर झोपेल का?"

बाळ आता कधीही येईल. पहिलं कडवं त्याच्या गळ्यात बसलं आहे. दुसऱ्याची शेवटची ओळ त्याने अजून एकदाही पुरी म्हटलेली नाही.