समोर ऐकणारं कुणीतरी

रेडिओ केंद्र बंद पडलं आणि तिची निवेदिकेची नोकरी गेली, तेव्हा तिनं घरबसल्या आवाजाची कामं घ्यायचं ठरवलं. अशी कामं मिळवून देणाऱ्या एका वेबसाइटवर तिनं जाहिरात टाकली: ‘व्यावसायिक आवाज. जाहिराती, माहितीपट, सगळं काही.’ नमुना म्हणून साबणाची एक जाहिरात अगदी ठसक्यात म्हणून जोडली. लोक येत, बघत आणि पुढे जात. दुकान थाटून माश्या मारत बसल्यासारखं झालं. नवऱ्यानं फोटो बदलून दिला, नणंदेनं मजकुरात जागोजागी ‘सर्वोत्तम’ कोंबलं. ढिम्म फरक पडला नाही.

घरात सासरे होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता डोळ्यांनी दगा दिला होता. जेवणं आटोपली की ती त्यांना पुस्तक वाचून दाखवी. एका दुपारी नवा माइक चुकून चालूच राहिला. संध्याकाळी ते रेकॉर्डिंग पुसून टाकण्याआधी तिनं ऐकलं, तर स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. त्यात ठसका नव्हता. सासऱ्यांना एखादं वाक्य कळलं नाही, की ती न कुरकुरता मागे जात होती. ते पाण्याचा घोट घेईपर्यंत थांबत होती.

हाच नमुना टाकू का, असं तिनं विचारलं, तर सासरे लाजले. “अगं, माझी कशाला मध्ये लुडबुड? लोक हसतील.”

“हसू देत, बाबा. तुम्हाला काढलं तर त्यात उरतं काय?”

जाहिरातही तिनं नव्यानं लिहिली: ‘तुमच्या घरातल्या वयस्कर माणसांना पुस्तक वाचून दाखवते. सावकाश.’

पहिलं काम थोड्याच दिवसांत आलं. परगावी नोकरी करणाऱ्या एका बाईची आई अंथरुणाला खिळली होती. आईचं आवडतं पुस्तक म्हणजे जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची हकिकत. बाईनं पानांचे फोटो पाठवले; एकेक प्रकरण वाचून पाठवायचं ठरलं. ही दार लावून माइकसमोर बसली आणि तोंडातून पुन्हा तीच साबणाची जाहिरात! बराच वेळ झटली, मग हात टेकले आणि सासऱ्यांना बोलावून आणलं. फोटो काढून घ्यायचा असल्यासारखी गळ्यापर्यंत बटणं लावून ते समोर बसले. तिचा आवाज आपसूक ताळ्यावर आला. वादळाच्या पानावर तर त्यांनी तिला टोकलंसुद्धा, घाई केलीस म्हणून.

मग कामं येतच गेली. कुणाच्या आजोबांना बुद्धिबळाचं पुस्तक हवं होतं, कुणाच्या आत्याला खुनाच्या गोष्टी. सासऱ्यांची खुर्ची त्या खोलीतच राहिली, आणि त्यांची भूक सुधारली असं नवरा म्हणू लागला.

एके दिवशी पहिलं काम देणाऱ्या त्या बाईचा निरोप आला. आई गेली, उरलेली प्रकरणं आता नकोत, तुमचे आभार. तिनं तो सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं,

“जहाज कुठवर आलं होतं?”

“बंदर दिसायला लागलं होतं.”

“मग असं मध्येच सोडायचं त्यांना?”

त्या दुपारी दोघांनी पुस्तक संपवलं. शेवटच्या पानावर ती मध्येच थांबली. ती पुन्हा वाचू लागेपर्यंत ते वाट पाहत राहिले. रेकॉर्डिंग पाठवताना तिनं लिहिलं, की ऐकलंच पाहिजे असं नाही.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग उत्तर आलं: ‘आईच्या खोलीत बसून ऐकलं. शेवट काय, असं विचारलं की ती म्हणायची, तूच वाच. मी कधी वाचलाच नव्हता. ते सगळे घरी पोचले, हे आत्ता कळलं.’

सासऱ्यांनी सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. स्वयंपाकघरातून नवरा चहासाठी हाका मारत होता. दोघांतलं कुणी उठेना, तेव्हा शेवटी तो स्वतःच कप घेऊन आत आला आणि त्यांच्याजवळ बसला.