चर्चमधला नॉकनॉबलर

आमच्या खोऱ्यातल्या चर्चला यंदा नॉकनॉबलर मिळाला. शब्दाला घाबरू नका. घाबरायचं ते काम आम्ही आधीच करून ठेवलंय.

निवृत्त होऊन लीड्सहून इथे राहायला आलेल्या मिस्टर ऑर्मरॉडना मेलेले इंग्रजी शब्द गोळा करायचा छंद. परमेश्वर प्रत्येकाला काही ना काही सोसायला देतो. आम्हाला हे दिले. एका रविवारी चहाच्या वेळी ते सांगू लागले, "नॉक म्हणजे ठोकणं, नॉब म्हणजे डोकं. प्रार्थनेत शिरलेली कुत्री हाकलायला पूर्वी चर्च माणूस नेमायचं, तो नॉकनॉबलर. प्रवचनात पेंगणाऱ्यांना काठीनं जागं करायचं, तेही त्याच्याकडेच." शब्द मेल्याचं त्यांना इतकं दुःख, की पुढच्या रविवारी स्वतःच काठी घेऊन दारात उभे!

चर्चमध्ये येणारं कुत्रं एकच, माझी टॅन्सी. जन्म मेंढ्या वळण्यात गेला, आता दोन्ही डोळ्यांनी आंधळी. एकटी ठेवली की घर डोक्यावर घेते. आणि यजमान गेल्यापासून सकाळची प्रार्थना चुकवायची नाही, हा माझा नेम. टॅन्सी बाहेर, तर मीही बाहेर.

"मनाला लावून घेऊ नका, मिसेस कॅल्व्हर्ट," काठी दारात आडवी धरून ऑर्मरॉड म्हणाले. "परंपरा आहे."

"छे हो. परंपरेपुढे म्हातारी कुत्री ती काय!"

आमच्या पाद्री हिल्डा मध्ये पडल्या. "आजच्या दिवस बसू द्या तिला, मागच्या बाकाशी."

"आजच्यापुरतं. उद्यापासून रोज सकाळी मी दारात असेन," असं बजावून ऑर्मरॉड तिच्यावर पहारा ठेवायला त्याच बाकावर बसले, काठी मांडीवर आडवी घेऊन.

प्रवचन विनम्रतेवर होतं. ऑर्मरॉडांची मान इतकी विनम्र झाली की हनुवटी छातीला टेकली. मग घोरणं. मग काठी दाणकन फरशीवर.

टॅन्सी उठली. हुंगत हुंगत गेली, त्यांच्या गुडघ्यांवर पंजे टेकले आणि कळपामागे रेंगाळणाऱ्या मेंढीवर भुंकावं तशी एकदाच भुंकली.

"कोण? काय?" ऑर्मरॉड ताडकन उभे.

"नॉकनॉबलर!" पुढच्या बाकावरून विल्फ मेंढपाळ ओरडला. "अर्धं काम तीच करतेय, नेमून टाका तिलाच!"

पाद्री हिल्डांनी हसू गिळलं. "नेमली," म्हणाल्या, आणि प्रवचन पुढे चालू केलं.

मी हळूच काठी उचलून ऑर्मरॉडांच्या हातात दिली. "मनाला लावून घेऊ नका, मिस्टर ऑर्मरॉड. परंपरा आहे."

ते आता दुसरा शब्द शोधतायत म्हणे. रोज सकाळी मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. टॅन्सी पायाशी असते.