माझं डोंगल कोगनोळीला गेलं

मित्रांनो, मला टीव्हीचा रिमोट म्हणू नका, मला राग येतो. मी एक जुना क्लिकर आहे. पडद्यावर स्लाइड दाखवताना माणसाला सारखं लॅपटॉपपाशी वाकायला लागू नये, म्हणून माझा जन्म. पुढे जायचं एक बटण, मागे यायचं एक, आणि तोंडाशी लाल दिवा. माझ्या पोटात एक खोबण आहे. तिच्यात नखाएवढं डोंगल बसतं. ते लॅपटॉपला लावलं तरच माझं बोलणं लॅपटॉपला कळतं. ते नसलं तर मी नुसतं प्लास्टिक. माझी ती खोबण सहा वर्षं रिकामी होती, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

पारमिता बाईंनी मला बेळगावच्या खडेबाजारात घेतलं. बाई मूळच्या निपाणीच्या. त्यांच्या आजीनं, यल्लव्वानं, जन्मभर विड्या वळल्या आणि लेकीला शिकवलं. लेकीनं बाईंना शिकवलं. पहिल्या नेमणुकीला बाई गुंजीजवळच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत आल्या, आणि त्यांच्या पिशवीतून मीही आलो. त्यांच्या उजव्या अंगठ्याला सुईची जुनी खूण होती. तो अंगठा बटणावर टेकला की मला लई बरं वाटायचं. अजून आठवला तरी जीव कासावीस होतो.

शाळा सातवीपर्यंतच होती. सातवीत रचना नावाची एक मुलगी होती, हुशार आणि हट्टी. तिची आई अक्काताई बाईंना स्पष्टच म्हणाली, "बाई, सातवी झाली की बास. आठवीला जंगलातनं जायचं. अस्वलं फिरत्यात. एकुलती एक पोर हाय माझी, कशी धाडू?"

गावात आठवीचा वर्ग आला तरच रचना शिकणार होती, नाहीतर शेणाची पाटी डोक्यावर घेणार होती. वर्ग मंजूर करणारे मोठे साहेब शाळा बघायला येणार असं कळलं, तेव्हा गावानं ठरवलं, बाई स्लाइड करून दाखवतील.

आणि इथंच सगळं बिघडलं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जत्रेचा फ्लेक्स असो नाहीतर वाढदिवसाचा, सगळ्यांचे फोटो पाहिजेत. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष यल्लाप्पा अण्णा लॅपटॉपशेजारी खुर्ची टाकून बसले. "बाई, आधी मंडळींचे फोटो घ्या. मष्णू आप्पाचा घेतला न्हाय तर म्हातारा जेवायचा न्हाय." एक म्हणता बावीस फोटो झाले. प्रत्येक फोटो गरगरत यायचा आणि मागून टाळ्या वाजायच्या. बाई नव्या होत्या, नको म्हणायची त्यांना भीड पडली.

साहेब आले, बसले. मी दाबला जात होतो आणि फोटो गरगरत होते. चौदाव्या फोटोला लाइट गेली. प्रोजेक्टर बंद पडला. साहेबांनी घड्याळ बघितलं, "आयतु, आयतु", म्हणजे झालं, झालं, असं कन्नडमध्ये म्हणाले आणि गाडीत बसले. आठवीचा शब्दसुद्धा पडद्यावर आला नव्हता. रचना दाराशी उभी होती. ती रडली नाही, नुसती धुरळ्याकडे बघत राहिली. मला माझीच लाज वाटली.

बाईंनी साहेबांना फोन केला, आर्जव केलं. पंधरा दिवसांनी साहेब त्याच वाटेनं जाणार होते. दहा मिनिटं देतो म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी बाई आणि रचना वर्गात बसल्या. बाईंनी आधी बावीसच्या बावीस स्लाइड उडवल्या. "अण्णा रागावतील की," रचना म्हणाली. बाई म्हणाल्या, "मान द्यायचा तर दारात देऊ. फोटोंचा फ्लेक्स दाराला लावू. पडद्यावर फक्त काम."

मग मी जे ऐकलं ते तुम्हीही ऐका. एका स्लाइडवर एकच गोष्ट. काळी अक्षरं, पांढरी जागा. गरगरणं बंद, टाळ्या बंद. अक्षर केवढं, ते ठरवायला बाईंनी शाळेत भात शिजवणाऱ्या मालुबाईंना मागच्या भिंतीला उभं केलं. मालुबाई उतारवयात अक्षरं शिकलेल्या, जोडून जोडून वाचायच्या. त्यांना वाचता येईपर्यंत अक्षर वाढवायचं. "आगं, कवाधरनं उभी हाय मी, घरात चुलीवर डाळ हाय!" त्या ओरडायच्या, पण जायच्या नाहीत. साहेब कन्नड बोलणारे, म्हणून प्रत्येक ओळीखाली कन्नड ओळ घेतली. दुसऱ्या लॅपटॉपवर अक्षरांचे चौकोन होऊ नयेत म्हणून फॉन्ट फाइलमध्येच भरून ठेवला.

लॅपटॉपमध्ये बाईंनी एक ॲड-ऑन घेतलं होतं. मागेल ते चित्र ते तयार करून देई. रचना त्याच्यावर भलतीच खूश. तिनं 'शाळा' लिहिलं आणि टाय लावलेली गोरीगोमटी पोरं हसत आली. बाईंनी विचारलं, "ही आपल्या गावची हायत व्हय गं?" रचना ओशाळली. बाईंनी आपला मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं गावाबाहेरची वाट टिपली, चिखलातला अस्वलाचा पंजा टिपला, आणि वर्गातला शेवटचा रिकामा बाक टिपला. ते ॲड-ऑन ठेवलं, पण वेळ मोजायला आणि फोटो नीट कापायला.

बाकाच्या फोटोवर रचनाला पाच ओळी लिहायच्या होत्या. बाई म्हणाल्या, "जे दिसतंय ते लिहायचं न्हाय. दिसत न्हाय तेवढंच लिही." तिनं खूप विचार केला आणि एकच ओळ लिहिली : आठवी आली तर रचना इथं बसेल.

साहेब आले. दारातल्या फ्लेक्सवर मष्णू आप्पा झळकत होते, त्यामुळे सगळे खुशीत. बाईंनी मला रचनाच्या हातात दिलं. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. मी मनात म्हणत होतो, पोरी, घाबरू नको, मी आहे. वाट आली. पंजा आला. सातवीनंतर घरी बसलेल्या नऊ मुलींची नावं आली. मग बाक आला, आणि रचना शिकवल्याप्रमाणे गप्प उभी राहिली.

साहेबांनी विचारलं, "रचना यारू?"

"मी," ती म्हणाली.

जूनमध्ये आठवी आली. पाठोपाठ नववी, दहावीही आली. अक्काताईंनी बाईंच्या हातावर गूळ ठेवला आणि डोळे पुसले.

पण आठवी आली त्याच वर्षी बाईंची बदली झाली, निपाणीच्याही पुढे, थेट कोगनोळीला. निरोपाच्या गडबडीत लॅपटॉप पिशवीत गेला आणि डोंगल त्यालाच राहिलं. मी टेबलाच्या खणात. जाताना त्यांची चप्पल वाजली, तेवढीच शेवटची.

मग शाळेत फळ्याएवढा टच स्क्रीन आला. मला कोण विचारतो? पोरं खण उघडत, बटण दाबत, "मेलाय रं ह्यो" म्हणत आणि टाकून देत. मी मेलो नव्हतो, मित्रांनो! माझा जीव कोगनोळीला होता. शिपाई भरमानं माझे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळाला घातले. माझ्याच सेलांची टिकटिक ऐकत मी दिवस काढले. आज बाई येतील, उद्या येतील. अशी सहा वर्षं गेली.

यंदा पंधरा ऑगस्टला रचना शाळेत आली. आता ती बेळगावला कॉलेजात शिकते. तिनं खण उघडला आणि मला ओळखलं. माझी रिकामी खोबण बघून तिथूनच फोन लावला. "बाई, ह्याचं डोंगल कुठाय?"

पलीकडून बाई म्हणाल्या, "माझ्याजवळ हाय गं. जुन्या लॅपटॉपला हाय तसंच. काढायला हातच हुईना बघ."

पुढच्या रविवारी मी रचनाच्या पर्समधून कोगनोळीला गेलो. निपाणी मागे पडली तेव्हा मला धीर धरवेना. जाताजाता तुम्हाला एवढंच सांगतो, कार्यक्रम संपला की डोंगल आठवणीनं काढा आणि त्याच्या घरात ठेवा. आणि बटण दाबून काही झालं नाही म्हणून कुणाला मेलेलं समजू नका.

बाईंच्या घरी तो लॅपटॉप रडतखडत सुरू झाला. माझ्यात नवे सेल पडले. रचनानं मला बाईंच्या हातात दिलं. तोच अंगठा, तीच खूण. एक, दोन, तीन, चार, आणि पडद्यावर तो बाक आला. खाली ती ओळ : आठवी आली तर रचना इथं बसेल.

बाईंनी ओळीकडे बघितलं, समोर बसलेल्या रचनाकडे बघितलं, आणि ती ओळ पुसून टाकली.

"आवो बाई, का पुसलं?"

"जे दिसतंय ते लिहायचं न्हाय, सांगितलं न्हवतं?"