वाणाच्या वीस बरण्या

मला बढाई मारायची सवय आहे, असं आमचे श्यामराव लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले. त्याला छत्तीस वर्षं झाली. ते रेल्वेतून निवृत्त झाले, मी शाळेतून निवृत्त झाले, सवय मात्र अजून नोकरीवर आहे. नाहीतर त्या दिवशी भाजीवाल्या मायासमोर मी गप्प बसले असते.

माया रायपुरातल्याच गुढियारीहून आमच्या चौबे कॉलनीत टोपली घेऊन येते. पावसाळ्यात तिच्या टोपलीत एका बाजूला, पानात झाकलेला, पैरा फुटू असतो. पैरा म्हणजे भाताचा पेंढा, आणि त्या पेंढ्याच्या ढिगावर आपसूक उगवणारी अंड्याएवढी करडी अळंबी म्हणजे पैरा फुटू. एकदा खाल्ला की माणूस डब्यातल्या पांढऱ्या मशरूमकडे ढुंकूनही बघत नाही. मायाचा फुटू तिच्या गावच्या बियाऱ्यातला, म्हणजे घरामागच्या मळणीच्या अंगणातला. गाव नव्या रायपुराच्या पलीकडे. आईची नजर गेल्यापासून आई मायाकडे राहते आणि गावचं घर भाऊ बघतो.

यंदा तिने पानात गुंडाळलेल्या दोनच कळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

"दीदी, ये आखरी है. बाकी माँ को खिला दिया. भाई ने बैल बेच दिए, बियारे में सिमेंट डलवा दिया. अब वहाँ पैरा नहीं रहेगा." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "माँ को बताया नहीं. रोज पूछती है, फुटू फिर कब आएगा. क्या बोलूँ?"

अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने अशा वेळी 'अरेरे' म्हणावं आणि भेंडी निवडावी. मी म्हणाले, "रडू नको. मैं इसको मरने नहीं दूँगी. माँ को इसी साल फिर खिलाऊँगी." तिचा चेहरा असा उजळला की मला माझीच भीती वाटली.

काम तसं अवघड नाही. बटाट्याच्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास शिजवायचं, बरणीत ओतायचं, बरणी कुकरमध्ये उकडून निर्जंतुक करायची. ते थिजलं की त्यावर कळीच्या पोटातला तांदळाएवढा तुकडा ठेवायचा. त्यातून पांढरे धागे पसरतात. ते धागे म्हणजेच फुटूचा जीव, ते टिकले की सगळं टिकलं. मी जॅमच्या एका बरणीत तुकडा ठेवला. चार दिवसांत धागे आले. पाचव्या दिवशी बरणीच्या कडेला हिरव्या बुरशीचा ठिपकाही आला.

आता हिरवं पोचायच्या आत धागे दुसऱ्या स्वच्छ बरण्यांत हलवायला हवे होते, आणि एकदोन बरण्यांनी भागणार नव्हतं. स्वयंपाकघराच्या हवेत काय काय उडत असतं ते दिसत नाही म्हणून आपण सुखाने जेवतो. वीस बरण्या भराव्या तेव्हा दोन-तीन निभावतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशांचा भाव ऐकून मी दुकानदाराला विचारलं, यात प्रयोगशाळाही येते का. प्लास्टिकच्या स्वस्त होत्या, त्या कुकरमधून पापडासारख्या वाकून निघाल्या. दह्याचे डबे बसलेच. स्टीलच्या वाट्या टिकल्या, पण आत काय चाललंय ते बघायला झाकण उघडावं लागायचं, आणि झाकण उघडलं की खेळ खलास.

मग श्यामराव गुढियारीच्या कबाड्याकडून पिशवीभर दारूचे पव्वे घेऊन आले. "आडवे ठेव. चपटे आहे ना, जागा भरपूर भेटते," म्हणाले. कल्पना वाईट नव्हती, फक्त त्या चिंचोळ्या तोंडातून धागे हलवायची माझी सुई तळापर्यंत पोचेना. आणि पिशवी फाटकापासून दारापर्यंत खणखणत आल्यामुळे शेजारच्या बाई दोन दिवस माझ्याकडे फार मायेने बघत होत्या.

शेवटी उत्तर घरातच सापडलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या शर्मिष्ठाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काचेच्या बुटक्या, रुंद तोंडाच्या, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाच्या बरण्या लुटल्या होत्या. तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली होती, कारण त्या लोणच्याला लहान आणि कुंकवाला मोठ्या. म्हणजे कॉलनीतल्या प्रत्येक मराठी घरात ती बरणी कपाटाच्या मागच्या रांगेत नक्की पडून असणार. मी घरोघर निघाले.

पहिलं घर गोदावरीकाकूंचं. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इथे आलं हे त्या आपल्या जुन्या 'मी येतो, मी जातो' बोलीत दूधवाल्यालाही सांगतात. बरणी लगेच निघाली, पण हातात मिळेना.

"रिकामी बरणी तुह्या हातात कशी देऊ? थांब, साखर घालतो."

"काकू, मले रिकामीच पायजे."

"काहीतरी बोलून राहिली. सवाशिणीले रिकामं भांडं देत असते का कोणी?"

प्रत्येक दारात हेच. कुठे साखर, कुठे शेंगदाणे, कुठे चिवडा. माझी एक धरून वीस बरण्या जमल्या आणि आम्ही दोघं चार दिवस चिवड्यावर जगलो. बरण्या कशाला हव्यात ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही, श्यामरावांनाही फक्त 'काचेचं, पसरट काहीतरी' एवढंच. मायासमोर एवढं बोलून बसले होते, पडले तर निदान एकटीने पडावं असा हिशेब.

शुक्रवारी मी वीसही बरण्या भरल्या, उकडल्या आणि जेवणघरातल्या कपाटावर उलट्या मांडल्या. तीन दिवस त्या तशाच ठेवायच्या. ज्या स्वच्छ राहतील त्यांच्यात सोमवारी संध्याकाळी धागे हलवायचे. तोवर हिरवा ठिपका चवलीएवढा झाला होता, पण सोमवारपर्यंत वेळ होता.

सोमवारी सकाळी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. परत आले तर श्यामराव आणि गोदावरीकाकू टेबलापाशी समोरासमोर बसून चमच्याने बरण्या खरवडत होते.

"पद्मा, जेली मस्त जमली," श्यामराव म्हणाले. "जराशी फिकी झाली."

"वेलची टाकत जाय," काकू म्हणाल्या.

मी कपाटाकडे पाहिलं. कपाट रिकामं होतं.

"हे काय खाऊन राहिले तुम्ही?"

"श्रावण सोमवार आहे ना. उपासाचंच आहे ते," श्यामराव शांतपणे म्हणाले. "आलू, साखर, चायना ग्रास. मीच त आणून दिलं तुले."

खरं होतं. तिन्ही वस्तू उपासाला चालतात. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाने मी एक असं माध्यम तयार केलं होतं, ज्यावर बुरशीही वाढते आणि श्यामरावही.

"बाकीच्या कुठं आहे?"

"त्या मी देऊन आलो ज्याच्या त्याच्या घरी," काकू अभिमानाने म्हणाल्या. "मले समजलंच. लोकाइच्या बरण्या परत करायच्या, त्या रिकाम्या कशा करशील? म्हणूनच केलं ना तू एवढं? म्हटलं, पद्माचे दात दुखून राहिले, आपणच वाटून टाकू. सगळ्याइनं नावाजलं हो."

मला भयंकर संताप आला, पण तो काढायला जागाच नव्हती. कारण काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. भरून आलेली बरणी भरूनच परत जाते, हे मीही जन्मभर करत आले आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही टोपली घेऊन निघाले असते.

मग आठवलं. "आणि ती एक? पांढऱ्या धाग्यांची?"

"ते? त्याले बुरशी आली होती," श्यामराव म्हणाले. "मोरीत ठेवली धुवायले."

मी धावले. मोरीत नळाखाली बरणी होती, झाकण लावलेली, कोरडी. धुवायला ठेवलेली वस्तू श्यामराव संध्याकाळपर्यंत धूत नाहीत. या एका दुर्गुणावरून मी छत्तीस वर्षं भांडत आले, आणि त्या दिवशी मी मोरीच्या दारात उभी राहून देवाचे आभार मानले. हिरवं मात्र पार मध्यापर्यंत आलं होतं. रात्रभरात ते सगळं गिळणार होतं.

बरणी छातीशी धरून मी बाहेर आले आणि मला रडू कोसळलं. मायाची आई, बियारा, सिमेंट, माझी बढाई, सगळं सांगून टाकलं. श्यामरावांनी चमचा खाली ठेवला. काकूंनी पुढ्यातली बरणी बाजूला सारली.

"रोज विचारते म्हणतेस ते बुढी?"

"रोज."

"आंधळी आहे?"

"दिसत नाही आता."

"मंग हे आधी काहून नाही सांगितलं, बाई?" काकूंनी चपला घातल्या. "कुकर काढून ठेव. माहाही घेऊन येतो."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई, उपासाच्या पोटी, भर दुपारी अठरा घरं फिरली. चार वाजता टोपली घेऊन परत आली तेव्हा तिच्यात अठरा बरण्या होत्या, घासलेल्या, पुसलेल्या आणि रिकाम्या. "एकीनं आत साखर टाकली होती, तिले मी ओरडलो," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपण लोकांच्या घरून रिकामी भांडी आणली, हे त्यांनी पुढचा आठवडाभर सगळ्यांना सांगितलं.

दोन कुकर, दोन शेगड्या. श्यामरावांनी बटाटे सोलले, न सांगता. बरण्या थंड व्हायला दिवेलागण झाली. तीन दिवस वाट बघून स्वच्छ बरण्या निवडायची चैन आता नव्हती. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला पदर. काकू दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, कुणी ढकलू नये म्हणून. मी सुई ज्योतीवर लाल करायची, निववायची, हिरव्यापासून सगळ्यात लांबचा पांढरा कोपरा टोकरायची, बरणीचं झाकण कलतं करायची, तुकडा आत, झाकण बंद. वीस वेळा. काकूंना शिंक आली ती त्यांनी गिळली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं पण शिंक बाहेर पडली नाही.

त्यानंतर श्यामराव रोज सकाळी कपाटापाशी उभे राहून गाड्यांची खबर द्यावी तशी खबर द्यायचे. "चार गेल्या." "आज सात गेल्या." एकदा म्हणाले, फ्रिजात ठेवू का, टिकतील. मी असं पाहिलं की त्यांनी परत विचारलं नाही, कारण हा फुटू उकाड्यातला जीव, फ्रिजमध्ये दोन दिवसांत मरतो. आठवड्याअखेर सतरा बरण्या हिरव्या-काळ्या झाल्या होत्या. उरलेल्या तिन्हींत मात्र पांढरे धागे काठापर्यंत पोचले होते, अगदी निर्मळ. मी काकूंना बोलावून दाखवले. त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

पुढचं सगळं सोपं नव्हतं, पण माझ्या हातातलं होतं. धागे उकडलेल्या गव्हावर वाढवले, गहू भिजवलेल्या पैऱ्याच्या जुड्यांत घातला, जुड्या मागच्या धुण्याच्या ओट्यावर रचल्या आणि वरून प्लास्टिक टाकलं. कपडे महिनाभर गच्चीवर वाळत होते. श्राद्धपक्ष सरता सरता एका सकाळी प्लास्टिक उचललं तर पैऱ्यातून करड्या कळ्या डोकावत होत्या. मी श्यामरावांना हाक मारली, ते दाढीचा साबण तसाच घेऊन आले, आणि आम्ही दोघं ओल्या ओट्यावर उकिडवे बसून नुसते बघत राहिलो. मला फार आनंद झाला होता. एवढा आनंद शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता.

मायाने मला बरोबर यायलाच लावलं. गुढियारीतली एका खोलीची जागा, दाराशी चूल. मायाने फुटू केला तो तिच्या आईच्या पद्धतीने, लसूण, मिरची आणि थोडं मीठ, बाकी काही नाही. आई भिंतीला टेकून बसली होती. वास आला तशी तिने मान वळवली. पहिला घास खाल्ला आणि ती थांबली. मायाचे हात लुगड्यात गुंडाळलेले होते.

"हमरे बियारा के आय," म्हातारी म्हणाली. आमच्याच बियाऱ्यातला. मग हसली, आणि मायाला म्हणाली की यंदा तुझ्या भावाने पैरा छान रचलाय बघ, दोनदा फुटला.

माया माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते.

"हव, दाई," ती आईला म्हणाली.

म्हातारीने चाचपत ताटातला एक तुकडा उचलला आणि माझ्या आवाजाच्या अंदाजाने माझ्यापुढे धरला. "खा के देख, बाई. शहर म अइसन नइ मिलय."

मी तो तिच्या हातून घेतला आणि खाल्ला.

"नहीं मिलता, माँजी," मी म्हणाले. "हमारी चौबे कॉलोनी में तो बिल्कुल नहीं मिलता."